इंजिन खोलण्याआधी ऑइलचा दाब मोजा

वाचकाचं पत्र:

सर, नमस्कार. दोन वर्षांपूर्वी मी एक जुनी पेट्रोल हॅचबॅक विकत घेतली. आता ती १,१२,००० किलोमीटर चालली आहे. महिनाभरापासून इंजिनातून टकटक आवाज येतोय. सकाळी गाडी चालू केली की जास्त येतो आणि पाच-सात मिनिटांत जवळजवळ जातो. मग चढावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा कडकड ऐकू येते. उभ्या गाडीला न्यूट्रलमध्ये रेस दिली तर मात्र काहीच येत नाही. एक मेकॅनिक म्हणाला टॅपेट आहेत. दुसरा म्हणाला रॉड बेअरिंग गेलंय, इंजिन खोलावं लागेल. तिसरा म्हणतो, जाड ऑइल टाका, आवाज बंद होईल. मध्यंतरी सिग्नलला थांबले असताना एक-दोनदा ऑइलचा लाल दिवा लुकलुकला होता, पण तो सेन्सरचा घोळ असेल असं मला सांगितलं. गाडी रोज लागते. मी कुणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. लाल दिवा लुकलुकला, हे ते वाक्य. आवाजाचं आपण सविस्तर बघू, पण या दिव्याचा निकाल लागेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. रोज लागते हे मला समजतं, तरीही काढू नका.

हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब सांगतो. इंजिनावरचा प्रेशर स्विच बहुतेक गाड्यांत अगदी कमी दाबाला, म्हणजे साधारण ५ ते ७ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) आसपास, दिवा लावतो. म्हणजे दिवा लुकलुकला याचा अर्थ दाब थोडा कमी झालाय असा नाही. तो जवळजवळ संपत आलाय. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, आणि त्याचं बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शंभराव्या भागाइतकी असते आणि तिथे दाबाखाली आलेल्या ऑइलचा पातळ थर क्रँकला तोलून धरतो. हा थर तुटला की धातूवर धातू घासतो आणि मग काही मिनिटांचाच प्रश्न असतो. सिग्नलला दिवा लागतो आणि गाडी हलली की विझतो, याचंही कारण आहे. आयडलिंगला ऑइल पंप सगळ्यात सावकाश फिरतो आणि इंजिन तापलेलं असेल तर ऑइल पातळही झालेलं असतं. दाब कमी असेल तर तो पहिल्यांदा तिथेच उघडा पडतो.

सेन्सर खराब असू शकतो, हे खरं आहे. पण न मोजता कुणी तसं म्हणत असेल तर तो अंदाज झाला. मोजणं सोपं आहे. प्रेशर स्विच काढायचा, त्याच्या जागी साधा काट्याचा गेज लावायचा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलिंगला आणि दोन-तीन हजार आरपीएमला आकडा बघायचा. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये योग्य आकडे दिलेले असतात. जुन्या कारागिरांचा ढोबळ हिशेब असा की दर १००० आरपीएममागे १० पीएसआय हवेत. तो प्रत्येक इंजिनाला तंतोतंत लागू पडत नाही, पण इंजिन गरम असताना आयडलिंगला काटा ४-५ वर लोळत असेल तर वाद घालायचं कारण उरत नाही.

त्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, तुम्ही स्वतः बघा. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं जाऊ द्या. डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग काढून वाचा. पहिल्यांदा काढून वाचलेल्या पातळीला अर्थ नसतो, कारण ऑइल नळीला चिकटून वर चढलेलं असतं. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर आवाजाचं आणि दिव्याचं निम्मं कोडं तिथेच सुटू शकतं. पण पातळी बघून लगेच डिपस्टिक परत खोचू नका. ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळा आणि हुंगा. पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइलमध्ये पेट्रोल उतरतंय आणि ते पातळ झालंय. चहासारखा दुधट रंग दिसला तर कूलंट मिसळतंय. उन्हात धरल्यावर बारीक चमक दिसली तर ते धातूचे कण असतात; मग तर गाडी ढकलत किंवा टो करूनच गॅरेजला न्या.

आता आवाजाकडे येऊ. तुम्ही एका आवाजाबद्दल विचारलंय, पण तुमच्या वर्णनात दोन आवाज आहेत. एक सकाळी थंड इंजिनात येतो आणि इंजिन तापलं की जातो. दुसरा इंजिन तापल्यावर, चढावर, मोठ्या गिअरमध्ये येतो. हे दोन्ही एकाच बिघाडाचे असण्याची शक्यता मला कमी वाटते. तीन मेकॅनिकांची तीन मतं का झाली त्याचं उत्तरही बहुधा यातच आहे. एकाने गाडी थंड असताना ऐकली असेल, दुसऱ्याने चालवून बघितली असेल, तिसऱ्याने कदाचित नुसतं तुमचं सांगणं ऐकलं असेल.

चढावरची कडकड आधी घेतो, कारण तिच्याबद्दल तुम्ही फार नेमकं लिहिलंय. भार आल्यावर येते, न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावर येत नाही. हे डिटोनेशनचं लक्षण आहे, ज्याला बरेच जण पिंगिंग म्हणतात. पेट्रोल इंजिनात स्पार्क पडल्यावर ज्वाला प्लगपासून चेंबरच्या, म्हणजे पिस्टनच्या वरच्या ज्वलनाच्या जागेच्या, कडेपर्यंत पसरत जायला हवी. पण कडेला उरलेलं मिश्रण दाब आणि उष्णता सहन न होऊन ज्वाला पोहोचण्याआधीच स्वतःहून पेटलं, तर चेंबरमध्ये दाबाचा धक्का उठतो आणि धातू झंकारल्यासारखा बारीक, कोरडा आवाज येतो. कमी आरपीएम, मोठा गिअर आणि दाबलेला ॲक्सिलरेटर ही परिस्थिती त्याला अगदी सोयीची असते.

परीक्षा अशी करा, अर्थात दाबाचा निकाल चांगला लागल्यावरच. त्याच चढावर एक गिअर खाली घ्या. आरपीएम वाढला आणि कडकड तत्काळ गेली, तर ती डिटोनेशनच समजा. मग टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्या आणि एकदा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून बघा. आवाज स्पष्ट कमी झाला तर दिशा पक्की झाली. एवढी जुनी गाडी असेल तर चेंबरमध्ये आणि पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा थर असतो. तो जागा व्यापून कॉम्प्रेशन वाढवतो आणि तापून राहतो, म्हणून मी पहिला संशय त्याच्यावर घेईन. त्याखेरीज चुकीच्या हीट रेंजचे प्लग, इंजिन प्रमाणाबाहेर तापणं, मिश्रण कोरडं होणं (म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडणं), बंद पडलेला ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारा) हीसुद्धा कारणं असतात. तुमच्या गाडीत बहुधा नॉक सेन्सर असेल. तो हा झंकार ओळखतो आणि कंप्युटर टायमिंग मागे घेतो, म्हणजे स्पार्क थोडा उशिरा पाडतो. म्हणूनच सेन्सर नीट असूनही कडकड ऐकू येत असेल तर कारण मोठं आहे, आणि सेन्सरच बंद असेल तर साध्या पेट्रोलवरही ती येऊ शकते. स्कॅनर लावून पी०३२५ हा कोड आहे का ते बघायला सांगा. तो नॉक सेन्सरच्या सर्किटचा कोड आहे. डिटोनेशन अनेक महिने चालू दिलं तर पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटते किंवा पिस्टनचा माथा जळतो, तेव्हा सवय झाली म्हणून सोडून देऊ नका.

आता रॉड बेअरिंग. दुसऱ्या मेकॅनिकचं निदान मला पटत नाही आणि का पटत नाही ते सांगतो. कनेक्टिंग रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा. त्याच्या बिग एंडचं, म्हणजे क्रँककडच्या टोकाचं, बेअरिंग झिजलं तर आवाज जड आणि खोल येतो, इंजिनाच्या खालच्या भागातून. इंजिन तापल्यावर ऑइल पातळ होतं म्हणून तो वाढतो. तुमचा सकाळचा आवाज इंजिन तापल्यावर जातो. रॉडचा आवाज उभ्या गाडीतही ऐकू येतो. रेस देऊन दोन-अडीच हजारावर नेलं आणि ॲक्सिलरेटर हळूच सोडला की त्या सोडण्याच्या क्षणी तो सगळ्यात स्पष्ट वाजतो, कारण रॉडवरचा दाब उलटतो आणि सैल बेअरिंग दोन्ही बाजूंना आपटतं. तुम्ही लिहिलंय, उभ्या गाडीत रेस दिल्यावर काही येत नाही. मग नुसत्या आवाजावरून रॉड बेअरिंग कसं म्हणायचं? माझ्या मनात शंकेला जागा ठेवली आहे ती फक्त त्या लाल दिव्यामुळे. झिजलेल्या बेअरिंगमधून ऑइल सुटून जातं आणि दाब पडतो, म्हणून गेज लावल्याशिवाय मी हा मुद्दा बंद करणार नाही.

रॉडचा संशय तपासायची एक जुनी आणि चांगली पद्धत आहे. आवाज चालू असताना एकेक सिलिंडर बंद करायचा. त्यासाठी त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा (पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा) वायरचा प्लग काढायचा. इग्निशन कॉइल काढू नये, कारण तिथे झटका बसण्याइतका व्होल्टेज असतो आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं. ज्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा प्लग काढल्यावर ठोका एकदम मऊ होतो किंवा थांबतो, त्याच्या रॉडमध्ये किंवा गजन पिनमध्ये (रॉडला पिस्टनशी जोडणाऱ्या पिनेत) दोष आहे. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा, आवाज मात्र सिलिंडर बंद केला तरी तसाच राहतो, कारण व्हॉल्व्ह हलतच असतात. हा प्रयोग सेकंदा-दोन सेकंदांचा ठेवायचा आणि शक्यतो मेकॅनिकने करायचा. नंतर इंजिन लाइटचे कोड पुसायला लागतील, त्याची धास्ती नको. डिझेल गाडीवाले वाचकही हे वाचत असतील म्हणून आवर्जून लिहितो: जुन्या डिझेल इंजिनात इंजेक्टरची नळी सैल करून हीच परीक्षा करत असत. आताच्या कॉमन रेल इंजिनात ते कधीही करू नका. त्या नळ्यांत २००० बारच्या आसपास दाब असू शकतो आणि एवढ्या दाबाची डिझेलची चिळकांडी कातडी भेदून आत जाते.

राहिला सकाळचा आवाज. इथे टॅपेट म्हणणारा मेकॅनिक बरोबर असू शकतो. तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असतील तर रात्रभर गाडी उभी राहिल्यावर त्यांच्यातलं ऑइल उतरतं आणि ते पुन्हा भरेपर्यंत टिकटिक होते. टॅपेटना ढकलणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे ही टिकटिक इंजिनाच्या चालीपेक्षा सावकाश वाटते आणि वरून, हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) झाकणाखालून येते. पण निरोगी टॅपेट काही सेकंदांत भरतात. पाच-सात मिनिटं लागत असतील तर तिथे ऑइल उशिरा किंवा कमी पोहोचतंय, आणि आपण पुन्हा दाबाच्याच प्रश्नावर येतो. तुमच्या इंजिनात स्क्रूचे किंवा शिमचे (पातळ चकतीचे) टॅपेट असतील तर फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पत्र्यांनी, फट तपासून सेटिंग करता येतं, ते फार मोठं काम नाही.

याच जागी फसवणारे दोघे आहेत. एक म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांची, गळती. गॅस्केट जळालं किंवा मॅनिफोल्डला चीर गेली तर थंड असताना प्रत्येक फायरिंगला टकटक फुटते आणि लोखंड तापून फुगलं की फट मिटते, आवाज जातो. अगदी तुमच्या सकाळच्या आवाजासारखं. ओळख अशी की थंड इंजिनावर गाडी हलवून थोडा जोर लावला की ही टकटक वाढते. टॅपेटच्या टिकटिकीला भाराशी देणंघेणं नसतं. इंजिन पूर्ण थंड असताना टॉर्च घेऊन मॅनिफोल्डचा जोड बघा, गळतीच्या जागी काळी काजळी बसलेली दिसते. दुसरा पिस्टन स्लॅप. पिस्टन थंड असताना थोडा आखडलेला असतो, म्हणून झिजलेल्या सिलिंडरमध्ये तो बाजूंना आपटतो. आवाज बोथट, पोकळ येतो आणि पिस्टन फुगला की थांबतो. तो पूर्ण थांबत असेल आणि इंजिन ऑइल पीत नसेल तर त्यासाठी इंजिन खोलायची घाई मी कुणालाच सांगत नाही.

टायमिंग चेनचा (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीचा) खडखडाट बहुतेकदा चालू केल्याबरोबरच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत, इंजिनाच्या ज्या टोकाला चेनचं कव्हर असतं तिकडून येतो. तो असेल तर चेन ताणून धरणारा टेन्शनर लवकर बघून घ्या. बाकी इंजिनाबाहेरचे आवाज भरपूर असतात. सायलेन्सरवरचं सुटलेलं पत्र्याचं कवच, बेल्टच्या पुलीचं बेअरिंग, बसलेलं माउंटिंग. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर दोष क्लच किंवा गिअरबॉक्सच्या बाजूला शोधायचा. फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले असतील तर ठोका हुबेहूब रॉडसारखा येतो, आणि त्यापायी चांगली इंजिनं खोलली जातात.

आवाजाची जागा शोधायला लांब स्क्रू ड्रायव्हर पुरतो. त्याचं टोक हेडच्या झाकणावर, मग ब्लॉकवर, मग खाली ऑइल पॅनच्या कडेवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. जिथे आवाज एकदम जवळ आल्यासारखा होतो तिथे थांबायचं. आधी इंजेक्टरवर टेकवून बघा. तिथली झटपट टिकटिक निरोगी असते, आणि ती ओळखीची झाली की बाकीच्यातून वेगळी काढता येते. ओढणी, मोकळे केस, सैल बाही यांपैकी काहीही बेल्ट आणि पंख्याजवळ येता कामा नये. पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो.

जाड ऑइलच्या सल्ल्याबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. तो घेऊ नका. जाड ऑइलने झिजलेल्या फटीतला ठोका दबतो, म्हणून आठवडाभर बरं वाटतं. पण ज्या थंड सकाळी तुमच्या टॅपेटला ऑइल वेळेवर पोहोचायला हवं, त्याच सकाळी जाड ऑइल आणखी सावकाश चढतं. बारीक छिद्रांवर चालणारे टॅपेट आणि व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा कंपनीने सांगितलेल्या ग्रेडवर बेतलेली असते. शिवाय गाडी विकताना हाच उपाय करणारे लोक असतात. तुमची गाडी सेकंडहँड आहे, दोन वर्षांत तुम्ही कोणत्या ग्रेडचं ऑइल टाकलं ते बिलावर तपासा आणि मॅन्युअलशी ताडून बघा.

तेव्हा क्रम असा ठेवा. गाडी संध्याकाळी टो करून गॅरेजमध्ये नेऊन ठेवा, म्हणजे सकाळचा पहिला स्टार्ट मेकॅनिक स्वतःच्या कानांनी ऐकेल. त्याच स्टार्टला गेज लावलेला असू दे. ऑइल आणि फिल्टर बदलायला सांगा, पण जुना फिल्टर फेकू देऊ नका. तो कापून आतला कागद पसरायचा, पिळून निथळू द्यायचा आणि उजेडात बघायचा. थोडी राखेसारखी बारीक पूड चालते. तांबूस किंवा चंदेरी पापुद्रे दिसले आणि त्यांना चुंबक लागला नाही, तर ते बेअरिंगचे असण्याची शक्यता मोठी. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडी भागांचे असतात, म्हणजे कॅम, चेन किंवा रिंगांकडे बघावं लागेल. हे तुमच्या डोळ्यांसमोर करायला सांगा. चांगला मेकॅनिक याला नाही म्हणत नाही.

दाब योग्य निघाला, फिल्टर स्वच्छ निघाला, तर स्विच बदला, टॅपेट आणि मॅनिफोल्ड तपासा, कार्बन आणि प्लगचं काम करून घ्या. इंजिन खोलायचा विषय संपला. दाब कमी निघाला तरी हेड उतरवू देऊ नका. बहुतेक गाड्यांत आधी फक्त खालचा ऑइल पॅन काढता येतो. वेळेवर ऑइल न बदललेल्या गाडीत पंपाची जाळी गाळाने बुजलेली असते आणि सगळ्या दुखण्याचं मूळ तेवढंच निघू शकतं. पॅन काढलेलाच असतो, तेव्हा एका रॉडची कॅप उघडून बेअरिंगचा पत्रा बघता येतो. राखाडी, सपाट पृष्ठभाग असेल तर ठीक. तांबडा थर उघडा पडला असेल तर बेअरिंग गेलं, आणि मग दुसरा मेकॅनिक म्हणतो त्या कामाला पुरावा मिळाला.

थंड आणि गरम इंजिनाचे दाबाचे आकडे आणि फिल्टरच्या कागदाचा फोटो मला पाठवा. गाडीचं मॉडेल आणि वर्षही लिहा, पत्रात ते राहिलंय.